मी वाकून पाहिलं नाही

पायरीवर येणाऱ्यांसाठी

धुळ्यात देवपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी एखादा अनोळखी माणूस पायरीशी येऊन उभा राहतो. हातात पंप नसतो, मोटार नसते, तेव्हाच मला कळतं. डॉक्टरांनी पाठवलंय, म्हणतो, आमच्या पेशंटशी जरा बोलता का. मी हातातली तार ठेवतो, शटर अर्ध्यावर ओढतो आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून हॉस्पिटलात जातो.

तेच ते सांगून आता कंटाळा आलाय. शिवाय माझा स्वभाव तापट. समोरचा मध्येच "पण आमचे एक पाहुणे म्हणतात की..." असं सुरू झाला की माझं डोकं फिरतं आणि चार शब्द जास्त जातात. म्हणून लिहून ठेवतो. ज्यांच्या घरात कुणाचा हात-पाय काढायचा की ठेवायचा यावर खल चाललाय, त्यांनी हे वाचावं. डॉक्टरकीचं यात काही नाही. ते मला कळत नाही, आणि त्या दिवसांत तुम्हाला ऐकूही येणार नाही.

मी शूर वगैरे नव्हतो. उलट जे झालं त्यातला निम्मा भाग माझ्या दिमाखामुळे झाला. माझ्या पायाचं काय झालं ते ओघात येईलच.

इमान

पारोळ्याच्या बाजूला आमचं गाव. जळगावला बी.एस्सी. करून मी घरी बसलो होतो. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. कपाशीवर हेलिकॉप्टरने फवारणी करणारी एक कंपनी तेव्हा पावसाळ्यात आमच्या भागात तळ टाकायची. मी औषध कालवायच्या कामाला लागलो. तीन हंगाम कालवलं. कॅप्टन सेठना नावाचे पारशी वैमानिक होते, शिकवायचा परवानाही त्यांच्याकडे होता. माझे प्रश्न ऐकून ऐकून ते एकदा म्हणाले, एवढी चौकशी करतोस तर शीक. कंपनीने परीक्षेला बसवलं, आणि कॅप्टनच्या शेजारी बसून माझे उड्डाणाचे तास भरायला लागले.

गावाच्या लेखी ते हेलिकॉप्टर म्हणजे इमान, विमान. त्या वर्षी तळ नेमका आमच्याच गावात पडला, शाळेमागच्या पडीत. माझ्या वडिलांना, आबांना, आभाळ ठेंगणं झालं. रोज सकाळी बैलांना पाणी पाजून झालं की ते पडीत यायचे, हात मागे बांधून यंत्राभोवती एक चक्कर मारायचे आणि काही न बोलता परत जायचे. कॅप्टन मला म्हणायचे, तुझे वडील माझ्यापेक्षा चांगली तपासणी करतात. मला ते आवडायचं नाही. मी गॉगल लावून फिरत होतो, कॅप्टनशी मोडक्या इंग्रजीत बोलत होतो, आणि माझा बाप गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, शेणाचे हात घेऊन तिथे उभा. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या हेलिकॉप्टरला चाकं नव्हती. खाली दोन लांब नळ्या, त्यांना स्किड म्हणतात. यंत्र उभं असताना वाऱ्याने हलू नये म्हणून स्किड लोखंडी खुंट्यांना दोरांनी बांधून ठेवायचे. प्रत्येक दोराला लाल फडकं. उडायच्या आधी ती फडकी सोडायची, मोजायची आणि मगच आत बसायचं. हे काम मेकॅनिकचं.

पोळा

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे कोणी औत धरत नाही. मजूर सुट्टीवर, मेकॅनिक जळगावला घरी गेलेला, फवारणी बंद. कॅप्टन म्हणाले, बसून काय करायचं, बैलांची मिरवणूक निघायच्या आत वीस मिनिटं उडून ये, मी शेजारी बसतो.

मी पडीत गेलो तर यंत्राचा पोळा झालेला. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी झाली होती. त्यातलं उरलेलं हळद-लोणी यंत्राच्या नाकाला चोपडलेलं. दरवाज्याला आंब्याचा डहाळा. उजव्या स्किडवर झेंडूची माळ, आणि माळेखाली नवं कोरं अंबाडीचं दावं, टोकाला लाल-पिवळा गोंडा. आबा गेले होते, पण जाताना कॅप्टनना सांगून गेले होते: "आज त्याना बी पोया शे," आज त्याचाही पोळा आहे. कॅप्टनना ते भलतंच आवडलं. ते हसत होते. आणखी दहा-बारा माणसं जमली होती, तीही हसत होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी लाल फडकी सोडली. तीन होती, तीन मोजली. उजव्या स्किडपाशी आलो. माळ दिसली, दावं दिसलं. वाटलं, नुसतं गुंडाळलंय, वर गेलं की गळून पडेल. वाकून, माळ बाजूला करून पाहायचं म्हणजे त्या सगळ्यांसमोर बापाचं हळदीचं कौतुक हाताळत बसायचं. तेवढ्यात गावाच्या वेशीकडून आबा येताना दिसले. हातात ताट, ताटावर फडकं, मागे माय. बैलांच्या आधी यंत्राला पुरणपोळीचा नैवेद्य. ते ताट इथवर पोचायच्या आत मला वर जायचं होतं.

कॅप्टन बसले, पट्टा ओढला आणि विचारलं, सगळं पाहिलंस ना. मी म्हणालो, हो सर.

दावं खुंट्याला पक्कं बांधलेलं होतं. पोळ्याला बैलाला नवं दावं देतात आणि त्या दाव्याने बांधतात. आबांनी तेच केलं होतं, खुंट्याच्या अगदी मुळाशी, गवतात, आणि गाठ आबांची होती. डाव्या हातातला दांडा वर ओढला की हेलिकॉप्टर उठतं. डावी बाजू उठली. उजवी उठली नाही. अशा वेळी दांडा खाली सोडायचा असतो, हे मला पाठ होतं. घाबरून मी तो आणखी वर ओढला. यंत्र उजवीकडे, माझ्या बाजूला, आडवं झालं. पाती जमिनीवर आपटली, आणि तो आवाज मी कितीदा सांगितला तरी मला सांगता आलेला नाही. शेवटचं आठवतं ते समोरच्या काचेतून आडवे दिसणारे आबा, हातात ताट तसंच.

जखम

कॅप्टनचा खांदा निखळला. माझा उजवा पाय गुडघ्याखाली यंत्र आणि जमीन यांच्यामध्ये सापडला. गावकऱ्यांनी वासे घालून यंत्र उचललं. बैलांसाठी सजवलेल्या गाडीतून पारोळ्यापर्यंत, तिथून जीपने धुळ्याला. हाड बाहेर आलं होतं आणि जखमेत काळी माती गेली होती, जिथे तळ पडायच्या आधी गुरं बसायची ती माती. पुढच्या आठ दिवसांत जे झालं ते त्या मातीमुळे.

धुळ्याच्या हॉस्पिटलात जखम धुतली, हाड बसवलं, पाय फळीवर बांधला. डॉक्टर मध्यमवयीन, कमी बोलणारे. मी पहिल्याच दिवशी विचारलं, मी परत कधी उडणार. ते म्हणाले, आधी पायाला जगू दे. मला वाटलं, माणूस विनोदी आहे.

वॉर्डातला दिवस लवकर सुरू होतो. पाचला झाडूवाला, मग सिस्टर थर्मामीटर घेऊन, मग चहा, मग पट्टी सोडायची वेळ. पट्टीची ट्रॉली दाराशी आली की चाकांच्या आवाजानेच मी खाटेची कड धरायचो. सिस्टर रोज सांगायच्या, आज दुखणार नाही. रोज दुखायचं. पण त्या रोज तेच सांगायच्या आणि मी रोज ते खरं मानायचो, यात काहीतरी बरं होतं. माझी मोठी बहीण, अक्का, देवपूरलाच दिलेली. ती सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन पांझरेच्या पुलावरून चालत यायची. एकदा तिने माझे केस खाटेवरच तपेलीत धुतले, मातीचं पाणी निघालं तीन वेळा, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपलो. शेजारच्या खाटेवर पिंपळनेरकडचे एक म्हातारे होते, मांडी मोडलेली, पायाला वजनं लटकवलेली. त्यांना सगळे काका म्हणायचे. त्यांचा रेडिओ माझ्या उशाशी असायचा.

आबा आत येत नव्हते. दारापर्यंत यायचे, चौकटीला हात लावून उभे राहायचे, मी पाहिलं की निघून जायचे. माय माझ्या पायाशी बसून असायची आणि आबांशी एक शब्द बोलत नव्हती. पोळ्याला जू ठेवायचं नाही, हे ती त्या सकाळी मला म्हणाली होती. मी तिला हसलो होतो. आता ती तो विषय काढत नव्हती, हे जास्त लागत होतं.

आठवत नाही

तिसऱ्या दिवशी चौकशीला एक अधिकारी आले. सभ्य माणूस. खाटेशी स्टूल ओढून बसले, कागद काढला आणि विचारलं, खुंट्याला नव्या दाव्याचा तुटका तुकडा सापडलाय, ते कोणी बांधलं होतं. उडण्यापूर्वी तू यंत्राभोवती फिरला होतास का.

आबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग छताकडे. म्हणालो, मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही.

हे खोटं होतं, आणि मी ते का बोललो ते स्पष्ट सांगतो. माझ्या डोळ्यासमोर माझा मिळू घातलेला परवाना होता. न पाहता उडालो असं लिहून दिलं असतं तर उडणं संपलं. आठवत नाही म्हटलं की प्रश्न मिटला. आबांना वाचवायचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, बरा हो म्हणाले आणि गेले. दारात पाहिलं तर आबा नव्हते.

सही

पाचव्या दिवशी ताप चढला. सहाव्या दिवशी पायाची बोटं काळी पडायला लागली. वास येत होता. माझाच वास, आणि मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. डॉक्टरांनी पट्टी सोडली, नखाजवळ टाचणी नेली, विचारलं, कळतंय का. मी म्हणालो, हो. त्यांनी टाचणी मला दाखवली. ती तोपर्यंत त्यांनी टोचलीच नव्हती. आता टोचली, आणि मला काही कळलं नाही.

त्यांनी अक्काला खाटेशी आणि आबांना दारापाशी बोलावून माझ्यासमोरच सांगितलं. बरं केलं. दाराबाहेर कुजबुजले असते तर मी वेडा झालो असतो. म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. उद्या काढला तर गुडघा राहील आणि माणूस राहील. दोन दिवसांनी विचारलंत तर मी कशाचीच हमी देणार नाही.

तुम्हाला सांगतो, ऐकताना पहिल्यांदा भीती वाटत नाही. राग येतो. मी डॉक्टरांना नको ते बोललो. ते ऐकून घेऊन कागद ठेवून गेले. नंतर, पंखा पाहत पडलो असताना, भीती आली, आणि ती पायाची नव्हती. मला मरायचं नव्हतं. चोवीस वर्षांचा होतो. त्या ताप चढलेल्या दुपारी ही एकच गोष्ट मला धडधडीत समजली: पाय गेला तर चालेल, मला जगायचंय.

पण सही कोण करणार? मी सज्ञान होतो, पण ताप डोक्यात गेलेल्या माणसाच्या सहीवर डॉक्टर पाय कापायला तयार नव्हते. घरचं माणूस हवं होतं. माय म्हणाली, आबा सांगतील ते. अक्का म्हणाली, आबांच्या इच्छेविरुद्ध मी सही केली आणि काही बरंवाईट झालं तर मला माहेर राहणार नाही. आणि आबा कागदाला हात लावेनात. "मनाघाई सही व्हनार नही," एवढंच म्हणाले, माझ्याकडून सही होणार नाही. अक्का त्यांच्याशी जिन्यात भांडली, तिचा आवाज वॉर्डात येत होता. सासरच्या गावात, लोकांच्या देखत, बापाशी ती अशी पहिल्यांदाच बोलली असेल.

सातव्या दिवशी कळलं की आबांनी दुसरीच वाट काढली आहे. जामनेरकडे एक हाडवैद्य आहे, त्याने असले पाय जोडलेत, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. टेम्पो ठरला होता, उद्या सकाळी दहाला. गादीही टाकून ठेवली होती म्हणे. डॉक्टर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले, टेम्पो जामनेरला पोचेल, हा पोचणार नाही.

मी आबांना हाक मारली. ते आत आले नाहीत. दोनदा मारली. सिस्टरना पाठवलं. जिन्याच्या पायरीवर बसून आहेत, उठत नाहीत, म्हणाल्या. माझा बाप मला मारतोय असं मला वाटायला लागलं, आणि त्याचा मला इतका संताप आला की मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

काकांनी सांगितलं ते

आठव्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, पिंपळनेरच्या काकांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, सुभाष, एक सांगू का, रागावू नको. तुझ्या बापाने सात दिवसांत भाकरीचा तुकडा पोटभर खाल्लेला नाही. तू झोपलास की ते येऊन माझ्या खाटेवर बसतात. त्यांनी मला दाव्याचं सांगितलंय.

मी दाराकडे पाहिलं.

मग काका जे बोलले ते मला त्यांच्या शब्दांत आठवत नाही, पण अर्थ असा: आबांच्या मनाने घेतलंय की तू त्या साहेबासमोर त्यांच्यासाठी खोटं बोललास. ज्या हाताने दावं बांधलं त्याच हाताने पाय तोडायची सही करायची, ते म्हणतात, पोराने मला वाचवलं आणि मी त्याला लुळा करू? म्हणून ते हाडवैद्य धरून बसलेत. त्यांना पाय परत करायचाय.

इथंच घोडं पेंड खात होतं, आणि हे घोडं मीच तिथे बांधलं होतं. सगळ्यांना वाटत होतं आबा हट्टी आहेत, अडाणी आहेत. मलाही वाटत होतं. नऊला दहा मिनिटं होती. दहाला टेम्पो येणार होता.

काकांना काय सुचलं कोण जाणे, दोन खाटा पलीकडे असलेल्या झाडूवाल्याला ते ओरडून म्हणाले की जिन्यातल्या बाबांना सांग, तुमचा मुलगा शेवटचं बोलवतोय. मला धसकाच बसला. पण आबा आले. पळत आले, एका पायात चप्पल नव्हती.

मी म्हणालो, "आबा, मी ते दावं दखं व्हतं." ते मी पाहिलं होतं.

त्यांना कळलं नाही. म्हणाले, "कव्हय?"

"उडाना आगोदर. तठेच उभा व्हतू. वाकीसन दखं नही. माले लाज वाटनी."

"कसानी लाज?"

मागे फिरायला अजून जागा होती. हळदीची, लोकांची, कशाचीही म्हणता आलं असतं.

"तुमनी," मी म्हणालो.

वॉर्डात त्या वेळी वीस माणसं असतील. काकांनी तोंड फिरवलं. मायने मान वर करून पाहिलं. मी पुढचंही सांगून टाकलं. साहेबाला खोटं बोललो ते तुमच्यासाठी नाही, माझ्या परवान्यासाठी. तपासायचं काम माझं होतं. तुम्ही बैलाचं करतात ते केलंत, मी वैमानिकाचं करायचं ते केलं नाही. मग मला धाप लागली आणि मी म्हणालो की मला जगायचंय, आबा, मला त्या टेम्पोत घालू नका.

आबा उभे राहिले, वळले आणि बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. त्यांना मी आता कायमचं गमावलं, आणि पायही गेला आणि जीवही. घड्याळ बरोबर समोर होतं. किती वेळ गेला ते पाहायचं धैर्य मला नव्हतं.

ते परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पहिल्यांदाच माझ्या खाटेवर बसले, माझ्या डोक्याशी. खूप हळू बोलले, पण काकांनीही ऐकलं, कारण पुढे कित्येक वर्षं ते मला त्याची आठवण करून देत.

"मना बापनी माले बी वाटे," आबा म्हणाले.

माझ्या बापाची मलाही वाटायची. एवढंच. कुठे, कधी, कशाची, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग अक्काकडे हात केला आणि कागद मागितला. आबांना सही येत होती, पण अक्षर जुळवायला वेळ लागायचा. त्यांनी एकेक अक्षर काढलं, वर रेघ ओढली आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवला. टेम्पोवाल्याला परत पाठवायला मायच उठून गेली.

मध्ये थोडं तुमच्यासाठी

ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना इथे दोन गोष्टी सांगतो. घरात एखादा माणूस आडमुठेपणा करतोय असं वाटलं तर त्याला अडाणी म्हणण्याआधी विचारा की तो कशाची भरपाई करू पाहतोय. आणि तुम्ही खाटेवर असाल आणि तुमच्यापाशी काही लपवलेलं असेल, तर ते ऑपरेशनच्या आधी सांगा. भुलीत उतरताना पोटात ते नसलेलं बरं. मला ते स्ट्रेचरवर, छताचे दिवे मागे सरकताना, पहिल्यांदा जाणवलं. भीती होती, दात वाजत होते. पण छातीवरचं ओझं गेलं होतं.

अधिकाऱ्यांना मी महिन्याभराने खरं लिहून कळवलं. उडणं सुटलं. कॅप्टनना वेगळं पत्र लिहिलं. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं की मीही विचारून थांबलो, उतरून पाहिलं नाही. पाय आधी लाकडाचा लागला, पुढे त्याहून बरा मिळाला. गुडघा राहिला म्हणून मी आज दुकानात उभा राहून काम करतो. जो पाय नाही त्याची बोटं अजून खाजतात. तुमचीही खाजतील, वेड लागलं असं समजू नका.

पांझरेवर

दुपारी तीनच्या सुमाराला मी शुद्धीवर आलो. पहिल्यांदा खाली पाहिलं. चादर जिथे उंच असायला हवी होती तिथे सपाट होती. मी पाहिलं आणि नजर काढून घेतली, आणि परत पाहिलं. मग आबांना शोधलं. ते नव्हते.

माय होती, अक्का होती. मी विचारलं तर दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. माझ्या मनात नको ते आलं. आठ दिवस न जेवलेला माणूस, त्यात सकाळी मी ते तसलं बोललेलो, आणि बाजूलाच नदी. मी उठायला लागलो, सिस्टरनी दाबून धरलं. शेवटी अक्काने सांगितलं. ऑपरेशन थिएटरबाहेर आबांनी डॉक्टरांना विचारलं होतं, पायाचं तुम्ही काय करता. डॉक्टर म्हणाले, आम्ही व्यवस्था करतो, पण काही लोक मागून नेतात. आबांनी मागितला. कागदावर सही केली, त्या दिवसातली दुसरी. बाजारातून कोरं पांढरं कापड आणलं, त्यात गुंडाळून दोन्ही हातांवर घेतला आणि एकटेच पांझरेच्या काठी गेले, जिथे लोक आपापल्या माणसांना नेतात. जावई बरोबर निघाले होते, त्यांना परत पाठवलं.

साडेपाच झाले. पट्टीची ट्रॉली येऊन गेली. काका रेडिओ लावत नव्हते.

मग ते दारात दिसले. नदीवर अंघोळ करून आलेले, ओलं धोतर अंगाला चिकटलेलं, टोपी हातात, डोक्यावरून पाणी गळतंय. स्मशानातून परत आलेला माणूस ओळखू येतो. संध्याकाळच्या नव्या सिस्टर नुकत्याच ड्यूटीवर आलेल्या, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, बाबा, कोण वारलं तुमच्याकडे?

आबांनी माझ्याकडे पाहिलं. चौकटीवरचा हात काढला आणि आत आले.

"कोनी मरनं नही," ते म्हणाले. "मना पोऱ्या जित्ता शे."

आणि तसेच ओल्या धोतराने माझ्या खाटेशी खाली बसून त्यांनी अक्काकडे जेवण मागितलं.